काठीच्या टोकावरचे लुगडे

आमच्या घरी एक रीत आहे. भासऱ्याने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, धाकट्या भावजयीला शिवायचे नाही. अंगाला तर नाहीच, तिच्या वापरातल्या कपड्यालाही नाही. तो दारात आला की खाकरतो आणि ती पदर ओढून आत जाते. तिला काही सांगायचे असेल तर तो आपल्या बायकोला सांगतो, नाहीतर भिंतीकडे पाहून बोलतो आणि तिने ते ऐकून घ्यायचे. माझ्या लग्नाला बारा वर्षे झाली. अंगणातल्या दोरीवर माझे लुगडे वाळत असले आणि वाऱ्याने वाटेत आले, तर भासरे ते काठीने बाजूला सारून पुढे जातात. याचा मला कधी राग आला नव्हता. उलट बरे वाटे. मला माणसांसमोर बोलता येत नाही. जिथे न बोलणे हीच रीत आहे अशा घरात मी पडले, हे चांगलेच झाले असे मी समजत होते.

त्याच काठीने त्यांनी माझे लुगडे दोरीवरून उचलले आणि एका परक्या माणसाला दिले. या गोष्टीला दोन हिवाळे झाले. राग गेलेला नाही. तांदूळ पाखडताना येतो, शेण काढताना येतो, कधी कधी जेवताना येतो आणि घास फिरत राहतो. घरात सांगायला जावे तर म्हणतील, पक्ष्यांपायी एवढे? म्हणून मुलीच्या जुन्या वहीची मागची कोरी पाने आहेत, त्यांत लिहिते आहे.

आमचे गाव मोठ्या तलावाच्या काठी आहे. तलाव मालगुजारांच्या वेळचा, पलीकडचा काठ नीट दिसत नाही एवढा. आमच्या बांधी, म्हणजे मातीचे धुरे घालून अडवलेली धानाची शेते, एकीखाली एक अगदी पाण्यापर्यंत उतरतात. दिवाळीनंतर पाणी मागे सरते. धान उभे असतानाच त्याच्या चिखलात आम्ही लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, फेकतो. धान कापले की खुंटांमधून ती आपोआप वर येते. तिला नांगर लागत नाही, पाणी लागत नाही, फक्त राखण लागते. राखण माझ्याकडे होती. सकाळी स्वयंपाक उरकून मी बांधीवर जायची, लाखोरीचे कोवळे शेंडे खुडून ओटीत भरायची, गुरे आली तर हाकलायची आणि उन्हे कलली की परत यायची. तिथे कोणी खाकरत नाही. तिथे माझ्या डोक्यावरचा पदर खांद्यावर असायचा.

थंडीत तलावावर दूरदूरची बदके येतात, हजारांनी. ती आली तशी जातात. सारस मात्र आमचेच. ती जोडी बारा महिने इथेच असते. त्या वर्षी भादव्यात त्यांनी आमच्या खालच्या बांधीत, उभ्या धानात, काड्यांचा ढीग करून घरटे केले. भासरे म्हणाले, एवढे धान वाया जाईल, उपसून टाका. जाऊबाईंनी, म्हणजे भासऱ्यांच्या बायकोने, अंड्यांवरचा पक्षी उठवायचा नाही असे सांगून ते थांबवले. एवढे धान कापायचे राहिले, एवढेच.

निंदणीला मी तिथे रोज होते. शेतात नेसायला माझ्याकडे एकच लुगडे होते, हिरवे, तांबड्या काठांचे, धुऊन धुऊन पालापाचोळ्याच्या रंगाचे झालेले. दुसऱ्या बाया आल्या की नर मान उंच करून खडखडाट करायचा. पहिले आठ दिवस मलाही केला. मग मी त्यांच्याकडे पाहायचे सोडले. पाठ करून निंदायचे, तिरपे तिरपे सरकायचे, कधी सरळ त्यांच्या दिशेने जायचे नाही. त्याने मान वर केली की मी जिथे असेन तिथे बसून जायची. हळूहळू तो माझ्याकडे बघेनासा झाला. मादी अंड्यांवर बसलेली असताना मी दोन बैलजोड्या उभ्या राहतील एवढ्या अंतरावर गवत उपटत असे. दोन अंड्यांतून एकच पिल्लू निघाले. ते तांबूस डोक्याचे पिल्लू लाखोरीत माझ्यासमोर मोठे झाले. मार्गशीर्षात ते पंख पसरून धुऱ्यावर धावायचे आणि उडता न आल्याने उभे राहायचे. पौषात ते उडायला लागले, तेही बांधीपुरतेच.

एके दिवशी सणाचे म्हणून मी नवे निळे लुगडे नेसून बांधीवर गेले तर तिघेही पाण्याच्या कडेला सरकले. दुसऱ्या दिवशी हिरवे नेसले आणि ते पुन्हा जवळ चरू लागले. मला त्याचे एवढे हसू आले की घरी आल्यावर मी ते नवऱ्याला सांगितले. मी फार गोष्टी सांगत नाही. ही सांगितली. तेव्हा तेही हसले.

आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात नागपूरचे एक वकील आमच्याकडे आले. मालगुजारी गेली तेव्हा जमिनीच्या कागदांत त्यांनी भासऱ्यांना मदत केली होती, म्हणून त्यांचे फार कौतुक. त्यांना पक्ष्यांचे फोटो काढण्याचा नाद होता. सौंदडला छोट्या आगगाडीने उतरले. भासऱ्यांनी स्वतः रेंगीला बैल जुंपून त्यांना आणले. बरोबर एक कातडी पेटी, तिचे तीन पाय वेगळे, आणि दुर्बीण. सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या ओसरीत, त्यांचा मुक्काम होता. मी आतून ताटे वाढून द्यायची आणि जाऊबाई बाहेर नेऊन ठेवायच्या. भिंतीआडून त्यांचे बोलणे ऐकू यायचे. दर थंडीत ते समुद्रकाठी जात. तिथे वाळूवर आडोसा नसतो, पक्षी जवळ येऊ देत नाहीत, लांबून काढले तर फोटोत तिळाएवढे दिसतात असे ते सांगत होते. मी समुद्र पाहिलेला नाही. पण तिथल्या पक्ष्यांचे बरोबर आहे असे तेव्हाही मनात आले होते.

दोन सकाळी ते आमच्या तलावावर बेशरमाच्या झुडपात बसून राहिले. बदकांचे काही फोटो मिळाले. सारस काही जवळ येईनात. पँट आणि टोपी दिसली की तिघे चालत चालत दूर जायचे, घाई न करता. दुसऱ्या संध्याकाळी लाखोरीच्या डाळीचे वडे खाता खाता वकिलांनी विचारले, ती हिरव्या लुगड्यातली बाई कोण, जी त्यांच्यामध्ये खुशाल बसून असते? दुर्बिणीतून पाहिले म्हणाले.

माझ्या नवऱ्याने अभिमानाने सांगितले की ती आमच्या घरातली आहे. एवढ्यावर थांबायला काय झाले होते? थांबले नाहीत. पक्षी तिला नाही, तिच्या लुगड्याला ओळखतात, दुसरे नेसून गेली तर तिलाही जवळ करत नाहीत, हेही सांगून टाकले. मी चुलीपुढे होते. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. ती गोष्ट मी त्यांना एकट्याला दिली होती. त्यांनी ती वड्यांसारखी ताटात वाढली.

वकील जोरात हसले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, मग उद्या मीच लुगडे नेसतो.

सगळे हसले. मला वाटले थट्टा आहे. थट्टाच असायला हवी होती. थोड्या वेळाने मी गोठ्याच्या दारात शेणाची टोपली घेऊन उभी होते तेव्हा भासरे अंगणात आले. माझे हिरवे लुगडे दोरीवर होते. भासऱ्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली, लुगड्याच्या घडीखाली घातली आणि ते उचलले. मेलेला साप टाकायला नेतात तसे हात लांब करून, अंगापासून दूर धरून ते सपरीकडे गेले. वकिलांनी ते दोन्ही हातांनी काठीवरून काढून घेतले आणि खांद्यावर टाकून पाहिले.

हे मी पाहिले. भासऱ्यांनी रीत पाळली. त्यांनी माझ्या लुगड्याला बोट लावले नाही. आणि परक्या पुरुषाने ते खांद्यावर टाकले तेव्हा घरातल्या एकालाही रीत आठवली नाही. मला कोणी विचारले नाही. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते, अंगणात उजेड होता, माझ्याकडे पाहिले असते तर मी दिसले असते.

जाऊबाई आत आल्या तेव्हा मी त्यांना म्हटले, बाई, नका देऊ. त्या बाहेर जाऊन सांगून आल्या असाव्यात, कारण भासऱ्यांचा आवाज भिंतीकडून माझ्यासाठी आला. "म्हणा तिले, एका दिसाचा सवाल आहे. लुगडा काही खाऊन नाही टाकत कोनी."

मी गप्प राहिले. मला इतरांचा राग येतो तेवढाच त्या गप्प राहण्याचा येतो.

सकाळी अंगणात तमाशा झाला. जाऊबाईंनी वकिलांना लुगडे नेसवले, पँटीवरूनच. शेजारच्या दोघी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "नवरी गोरी आहे, पन मिशी काढा लागन." जाऊबाईंनाही जोर आला. वकिलांचे पोट बाहेर आलेले पाहून त्या म्हणाल्या, "पोट आत घ्या साहेब, आमच्या लहानीले काही सातवा नाही लागला." लहानी म्हणजे मी. सगळे हसत होते, वकील सर्वांत जास्त. वाईट माणूस नव्हते ते, असे सगळे अजून म्हणतात. हसरे होते. माझी मुलगी रडली तर तिला पेपरमिंट द्यायचे.

मग त्यांनी विचारले, चालायचे कसे? आणि मला बाहेर बोलावले.

मी तोंडावर पदर ओढून अंगणात आले. जाऊबाई म्हणाल्या, चालून दाखव. आठ-दहा माणसांसमोर कोरड्या अंगणात मी वाकले आणि नसलेली लाखोरी खुडली, नसलेल्या ओटीत टाकली, तिरपी सरकले. मागून वकील तसेच करत होते. मी जाऊबाईंच्या कानात सांगितले आणि त्यांनी मोठ्याने सांगितले की पक्ष्यांच्या डोळ्यांकडे पाहायचे नाही, सरळ जायचे नाही, नराने मान वर केली की बसायचे. जेवढे मला येत होते तेवढे सगळे मी दिले. कशाला दिले? मला वाटले, नीट शिकवले तर पक्षी घाबरणार नाहीत. हे आपले फोटो काढतील, जातील, आणि माझे दिवस परत तसेच होतील. पक्ष्यांसाठीच मी ते केले असे मी तेव्हा मनाला सांगत होते.

आम्हा बायांना वरच्या धुऱ्यामागे बसायला सांगितले. भासरे आणि माझा नवरा तलावाच्या पाळीवर उभे होते. वकील बांधीत उतरले.

खोटे कशाला लिहू, त्यांनी चांगले केले. वाकून, खुडत, थांबत, बसत गेले. पेटीतला कॅमेरा त्यांनी ओटीत ठेवला होता, वर लाखोरीचा पाला. नराने एकदा मान उंच केली. ते बसले. त्याने मान खाली घातली. दुरून पाहिले तर मीच तिथे आहे असे वाटत होते, आणि ते पाहताना माझ्या अंगावर काटा येत होता. ते माझ्याहून पुढे गेले. मी जिथे कायम थांबायची त्याच्याही पुढे, दोन काठ्यांच्या अंतरावर. पिल्लू त्यांच्या आणि मादीच्या मधे होते. कॅमेरा ओटीतून थोडा वर आला. बराच वेळ गेला. खूप फोटो निघाले असतील. मला वाटले, झाले एकदाचे.

आदल्या संध्याकाळी ते भासऱ्यांना एक गोष्ट म्हणाले होते. मी ऐकली होती, तिचा अर्थ लावला नव्हता. म्हणाले होते, "बसलेले पक्षी माझ्याकडे पेटीभर आहेत. मला पंख उघडलेले हवेत."

वकील उभे राहिले. डोक्यावरचा पदर काढून त्यांनी एका हातात धरला, दुसऱ्या हातात कॅमेरा. आणि पदर गरगर फिरवत, ओरडत, ते सरळ त्यांच्या अंगावर धावले.

मादी हवेत उठली. पिल्लू उडायच्या ऐवजी पळाले, धुऱ्याला अडकले, छातीवर पडले, पुन्हा उठून पळाले. नर पळाला नाही. घरट्यावर कोणी आले की तो पंख उघडून समोर यायचा तसाच आला, चोच खाली करून. आणि मधेच थांबला. त्याच्यासमोर लुगडे होते. हिरवे, तांबड्या काठांचे. त्याला कळेना. त्या लुगड्याला मारायचे की नाही, हे त्याला कळेना. तो तिथे पंख अर्धे मिटून उभा राहिला आणि वकिलांनी तोही फोटो काढला. मग त्यांनी पायाने एक ढेकूळ उडवले, तेव्हा तो उडाला. पिल्लू तोवर पाण्यावरून खाली खाली उडत होते, पाय पाण्याला लागत होते. तिघे पलीकडच्या काठाला गेले. त्यांचा आवाज बराच वेळ तलावावर येत होता.

पाळीवर टाळ्या वाजल्या. जाऊबाईही हसत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसायचे थांबवले.

लुगडे परत आले ते बाभळीच्या काट्यांनी दोन ठिकाणी फाटलेले आणि सिगारेटच्या वासाचे. भासऱ्यांनी ते काठीनेच दोरीवर टाकले. जाऊबाईंनी ते माझ्याआधी उचलून धुतले आणि फाटलेले शिवून दिले.

आठ दिवस बांधीत कोणी आले नाही. नवव्या दिवशी तिघे दिसले, दूर, पाण्याच्या कडेला. मी हिरवे लुगडे नेसून पाळीवरून खाली पाऊल टाकले आणि नराने आवाज केला. मी बसले. तो आवाज करतच राहिला. मी पाठ केली, तिरपी सरकले, जे जे येत होते ते केले. ते उडाले. दुसऱ्या दिवशी निळे नेसले. तरी उडाले. आता त्यांना एक गोष्ट समजली होती, की वाकून, तिरपे सरकत, खाली बघत येणारे माणूस सर्वांत वाईट. मी जेवढे नीट करायची तेवढे ते लवकर उडायचे. ते नीट करणे मीच त्या माणसाला शिकवले होते.

मी घरी येऊन गोठ्यात रडले. नवऱ्याने पाहिले. "कायले रडून राहिली?" म्हणाले. "पक्षीच त आहेत. उद्या येतीन." मी विचारले, लुगड्याची गोष्ट काऊन सांगितली? ते म्हणाले, लपवायची होती का, तू तसे बोलली नव्हतीस. खरे आहे, नव्हते बोलले. प्रत्येक गोष्ट देताना ही देऊ नका असे वेगळे सांगावे लागते, हे मला माहीत नव्हते.

उन्हाळ्याच्या आधी वकिलांकडून मोठा फोटो आला. कुठल्याशा मासिकातही तो छापला होता, ते पानही पाठवले होते. त्यात त्यांनी लिहिले होते की असा क्षण मिळायला कित्येक दिवसांची चिकाटी आणि पक्ष्यांचा विश्वास लागतो. विश्वास हा शब्द मी दोनदा वाचला. लुगड्याचे काही लिहिले नव्हते. बाईचेही नाही. भासऱ्यांनी गोंदियाहून फोटोला काच लावून आणली आणि सपरीत, येणाऱ्याला आधी दिसेल असा, टांगला. मादी हवेत आहे, पंख पूर्ण उघडलेले. पिसे मोजून घ्यावीत. नर खाली उभा आहे, अर्धे पंख मिटून. कोपऱ्यात पिल्लू पडलेले आहे, पण ते काय आहे हे सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही. येणारे जाणारे म्हणतात, नर कसा दिमाखात उभा आहे. मी आतून ऐकते. दिमाख नाही तो. त्याला कळत नव्हते.

पावसाळ्यात त्यांनी घरटे आमच्याकडे केले नाही. तलावाच्या पलीकडे कुठेतरी केले असेल. कापणी झाली, लाखोरी हिरवी झाली, आणि मार्गशीर्षात एके सकाळी जोडी आमच्या खालच्या बांधीच्या पार टोकाला दिसली. या वेळी पिल्लू नव्हते. गेल्या वर्षीचे मोठे होऊन कुठे गेले की राहिलेच नाही, मला माहीत नाही.

मी वरच्या धुऱ्यावर बसून राहिले. खाली उतरलेच नाही. पहिले पंधरा दिवस फक्त बसले, अंग न वाकवता, समोर बघत, त्यांना मी पूर्ण दिसेन अशी. जुने काहीच करायचे नाही असे मी ठरवले होते. मग एक धुरा खाली आले. त्यांनी पाहिले, आवाज केला नाही. पंधरा दिवसांनी आणखी एक धुरा. आमच्यामध्ये आता चार धुरे उरले होते. लाखोरीची भाजी त्या हिवाळ्यात आमच्या घरी कमी आली आणि जाऊबाईंनी त्याबद्दल एकदाही टोकले नाही.

अशात वकिलांचे पत्र आले. भासऱ्यांनी ते सपरीत मोठ्याने वाचले. ते दुसऱ्याच दिवशी दोन मित्रांना घेऊन येणार होते. तेच पक्षी, तीच युक्ती. तिघांसाठी तीन लुगडी तयार ठेवा, एक ते हिरवेच असू द्या, असे गमतीने लिहिले होते. माझा नवरा हसला. भासरे जाऊबाईंना म्हणाले की लहानीला सांगा, लुगडी धुऊन ठेवायला.

मी दाराआड होते. मी चुलीकडे गेले, तवा ठेवला, भाकर थापायला घेतली आणि ती हातातच फाटली. दुसरी घेतली, तीही फाटली. मग मी हात न धुताच सपरीत गेले. तिथे तेव्हा कोणी नव्हते. फोटो समोर होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

भासरे बाहेरून आले आणि दारात खाकरले.

मी आत गेले नाही. ते पुन्हा खाकरले. मी पदर तोंडावर ओढला, तेवढे केले, पण जागची हलले नाही. आणि माझा आवाज निघाला, बारीक, भांड्यावर नख ओढल्यासारखा.

"तुमी माह्या लुगड्याले हात लावत नाही," मी म्हटले. "मंग तो देता कसे?"

ते उंबऱ्यावर थांबले. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. एक पाय आत होता, एक बाहेर. पायांवर पाळीची तांबडी माती होती. इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय एवढा वेळ कधी पाहिले नव्हते. मला उत्तर द्यायचे तर माझ्याशी बोलावे लागले असते.

"घरात कोनी आहे का?" ते शेवटी आतल्या दिशेने ओरडले. "हिले आत न्या."

जाऊबाई आल्या. त्यांनी ऐकले होते. मला कोपराला धरून त्या आत नेऊ लागल्या. दारापाशी थांबून, मागे न बघता, नवऱ्याला म्हणाल्या, "तिनं विचारलं ते सांगा ना मंग. मलेबी आयकाचा आहे."

काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, आणि पावले अंगणात उतरून गेली.

त्या रात्री नवऱ्याने मला खूप बोल लावले. घराची लाज काढली म्हणाले, दादांनी जेवण टाकले म्हणाले. मी ऐकून घेतले. लुगडे देणार नाही, एवढेच एकदा म्हटले. सकाळी उठून पाहते तर जाऊबाईंनी मोठ्या गंजात राख घालून पाणी ठेवले होते आणि घरातली एकूण एक लुगडी त्यात भिजत टाकली होती, स्वतःची, माझी, ठेवणीतलीसुद्धा. पाहुणे दुपारी आले. लुगडी मागितली गेली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, सगळी ओली आहेत. पुढचे तीन दिवस ती ओलीच होती. सकाळी पिळायची, संध्याकाळी पुन्हा राखेत टाकायची. आम्ही दोघी अंगावरच्या एकेका लुगड्यावर तीन दिवस काढले. हसत नव्हतो. एकमेकींकडे बघतही नव्हतो.

वकील आणि त्यांचे मित्र तशाच कपड्यांत बांधीवर गेले. सारसांनी त्यांना पाळीवरच पाहिले आणि दोघे उडून तलावापलीकडे गेले. तिसऱ्या दिवशी रेंगीत बसताना वकील आपल्या मित्रांना समजावून सांगत होते. मी दाराआड होते, मला स्पष्ट ऐकू आले. म्हणाले, गेल्या वर्षी इथले पक्षी अगदी माणसाळलेले होते, हातावर यायचे तेवढे बाकी होते. आता बिघडले.

बिघडले म्हणे. पक्षी बिघडले.

भासरे रेंगी हाकत होते. त्यांनी ते ऐकले. त्यांनी मान वळवून मागे पाहिले नाही.

पाहुणे गेल्यावर सारस अकरा दिवस आले नाहीत. मी रोज वरच्या धुऱ्यावर जाऊन बसत होते, अगदी पहिल्या जागेवर. बाराव्या दिवशी आले. मग पुन्हा पंधरा पंधरा दिवसांनी एकेक धुरा. या हिवाळ्यात आमच्यामध्ये दोन धुरे आहेत. त्याहून जवळ ते येऊ देत नाहीत. मी तिसऱ्या धुऱ्यावरून पाय खाली सोडला की नर मान वर करतो आणि माझ्याकडे, माझ्या लुगड्याकडे, बघत राहतो. मी पाय वर घेते.

भासरे अजून दारात खाकरतात आणि मी आत जाते. फक्त आता अंगणातल्या दोरीवर माझे लुगडे वाटेत आले तर ते काठीने सारत नाहीत, गोठ्यामागून फेरा घालून येतात. सपरीतला फोटो आहे तिथेच आहे. दसऱ्याला मी सगळ्या भिंती पांढऱ्या मातीने सारवल्या. त्याच्या भोवतीची हातभर जागा तशीच सोडली. ती काळवंडली आहे, आल्यागेल्याला दिसते. कोणी विचारले नाही. विचारले तर सांगणार आहे.